पाच पावसाळ्यांची हमी, रुपयामागे अठ्ठावीस पैसे

ताबा मिळाल्यापासून ५ वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची. दोष कळवला की ३० दिवसांत तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. केला नाही तर ५,००० रुपये भरून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्रातल्या फ्लॅटमालकाच्या बाजूचे हे आकडे कागदावर भरभक्कम आहेत.

त्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवू. बिल्डरांकडून ग्राहकांना मिळायच्या रकमांसाठी महारेराने काढलेल्या वसुली वॉरंटची बेरीज २०२४ च्या अखेरीस सुमारे ७०५ कोटी रुपये होती. प्रत्यक्ष वसूल झाले ते सुमारे २०० कोटी. रुपयामागे २८ पैसे. यात मोठा वाटा ताब्याला झालेल्या उशिराचे व्याज आणि परताव्याचा असतो. पण दोषांची भरपाई मिळवायची तर तीही याच वाटेने, जिल्हाधिकारी कार्यालयातूनच यायची.

म्हणून या लेखाचा कल आधीच सांगतो. घरात ओल आली, प्लास्टर सुटले, सळ्या उघड्या पडल्या, तर पहिली मागणी दुरुस्तीची असावी, पैशांची नंतर. आणि ती मागणी तारखेसह कागदावर असावी. कारण कायद्यातले सगळे आकडे कुठल्या ना कुठल्या तारखेपासून मोजायचे असतात आणि ती तारीख सिद्ध करणारा कागद बहुतेक घरमालकांकडे नसतो.

५ वर्षे, पण कधीपासून?

रेरा म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातले कलम १४(३) हे आपल्या विषयाचे मूळ. इमारतीच्या सांगाड्यातला दोष, कारागिरीतला दोष, मालाच्या दर्जातला दोष, सेवासुविधांतला दोष किंवा करारातल्या इतर जबाबदाऱ्यांतली कसूर, यांतले काहीही ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत बिल्डरच्या लक्षात आणून दिले, तर त्याने जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचे. नाही केले तर भरपाई.

इथे पहिली फसगत होते. ताब्याच्या वेळी हातात पडणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकेत लिहिलेले असते: टाइल्स ६ महिने, नळ आणि फिटिंग १ वर्ष, वॉटरप्रूफिंग २ वर्षे, स्ट्रक्चर ५ वर्षे. कलमात अशी वाटणी नाही. बाथरूमच्या उतारातली चूक आणि बीममधली भेग, दोन्हींना तीच ५ वर्षे. महाराष्ट्राच्या नियमांसोबतच्या नमुना करारातही हेच आहे आणि दोषदायित्वाचे हे कलम बदलता येणार नाही, असे महारेराने बिल्डरांना बजावले आहे. रेराशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर रेरा वरचढ ठरतो, हे कलम ८९ सांगते. मग बिल्डरच्या पुस्तिकेची काय कथा! नळाच्या कंपनीने दिलेली एक वर्षाची हमी हा कंपनीचा आणि बिल्डरचा मामला.

रेराच्या आधी महाराष्ट्रात १९६३ चा मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटचा राज्याचा कायदा होता, अजूनही आहे. त्याच्या कलम ७ मध्ये हीच मुदत ३ वर्षांची आहे. १ मे २०१७ च्या आधी भोगवटा प्रमाणपत्र मिळून पूर्ण झालेल्या इमारतींना रेराची ५ वर्षे मिळत नाहीत. त्यांची मोफाची ३ वर्षेही केव्हाच उलटली. आज रेराखाली येणारी तक्रार ही साधारणपणे गेल्या पाच वर्षांत ताबा मिळालेल्या घरांची.

आता ताब्याची तारीख. रोहाउस असो की तीस मजली टॉवर, प्रत्येक घराचे घड्याळ वेगळे चालते. एकाच मजल्यावरच्या ४०१ ला पाडव्याला ताबा मिळाला आणि ४०२ ला दिवाळीत, तर मुदतीही तशाच सरकतात. घोळ होतो तो ‘फिट-आउट पझेशन’मुळे. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आलेली नसते, पण फर्निचर करून घ्या म्हणून चावी देतात. दोन वर्षांनी वाद झाला की बिल्डर मुदत त्या चावीच्या दिवसापासून मोजतो आणि घरमालक ओसीनंतरच्या ताबापत्रापासून. ओसी नसताना दिलेला ताबा कायदेशीर ताबा कसा, हा मुद्दा घरमालकाच्या बाजूचा आहे. तरीही चावी घेताना सही केलेल्या कागदावर ‘फक्त फर्निचरसाठी प्रवेश’ असे लिहून घेतलेले असेल तर पुढची अर्धी लढाई टळते.

५ वर्षे म्हणजे पाच पावसाळे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ताबा घेतलेल्या घराला २०२२ ते २०२६ असे नेमके पाच मिळतात. पहिल्या पावसाळ्यात ओल दिसली की साइट इंजिनिअर सांगतो, ‘नवीन बिल्डिंग आहे, सेटल होतेय.’ दुसऱ्या पावसाळ्यात दोन माणसे येऊन भिंतीला भोके पाडून केमिकल भरून जातात. तिसऱ्यात फोन उचलला जात नाही. असे तीन पावसाळे व्हॉट्सअॅपवर ‘दादा, बघताय ना?’ विचारण्यात निघून जातात आणि हातात तारीखवार काहीच उरत नाही.

म्हणून पहिल्या ओलीलाच पत्र. करारात बिल्डरचा जो पत्ता आणि ईमेल लिहिलेला असतो त्याच पत्त्यावर, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही, फोटोंसह. ३० दिवस त्या दिवसापासून मोजता येतात. पत्र १ जुलैला पोचले तर ३१ जुलैला मुदत संपते. भर पावसात बाहेरून परांची बांधून प्लास्टर करता येत नाही, हे बिल्डरचे म्हणणे खरे असते. हरकत नाही. ‘दसऱ्यानंतर काम सुरू करू’ हे त्याने लेखी द्यावे, म्हणजे दोष कबूल केल्याचा पुरावाही आपोआप तयार होतो.

कलमाची भाषा नीट वाचली तर ५ वर्षांत दोष ‘लक्षात आणून द्यायचा’ आहे. तक्रार दाखल झालीच पाहिजे असे ते म्हणत नाही. चौथ्या वर्षी लेखी कळवलेला दोष सहाव्या वर्षी संपत नाही. पण पत्र लिहून स्वस्थ बसणाऱ्याला उशिराचा जाब द्यावा लागतो, हेही खरे.

जुने घर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. रेराच्या व्याख्येत ‘वाटपग्राही’ म्हणजे मूळ खरेदीदार आणि त्याच्याकडून पुढे घर विकत घेणाराही. भाडेकरू मात्र नाही. तेव्हा तीन वर्षे जुना फ्लॅट घेतला तर उरलेली दोन वर्षे नव्या मालकाची. विकणाऱ्याकडून ताबापत्राची प्रत आणि त्याने पाठवलेल्या तक्रारी मागून घ्याव्यात. दलाल या कागदांची आठवण कधीच करून देत नाहीत.

भेग किती रुंद, काँक्रीट किती कमजोर

‘बांधकाम निकृष्ट आहे’ या वाक्याला महारेरासमोर किंवा ग्राहक आयोगापुढे वजन नसते. वजन असते मापाला. आणि मापे भारतीय मानकांत दिलेली आहेत. काँक्रीटसाठी आयएस ४५६:२००० हे मुख्य मानक.

त्यानुसार आरसीसीच्या पृष्ठभागावरची भेग सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. सतत ओल असलेल्या भागात ही मर्यादा ०.२. ही मोजायला एक पारदर्शक पट्टी मिळते, तिला क्रॅक गेज म्हणतात. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या बारीक रेषा वेगळ्या. त्या दिसायला वाईट असतात, पण बहुतेकदा सांगाड्याच्या नसतात. बीम आणि भिंतीच्या सांध्यातली सरळ आडवी भेग हीदेखील अनेकदा वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर जाळी न लावल्याची खूण असते. म्हणजे दोष कारागिरीचा, इमारत पडण्याचा नव्हे. तक्रारीत हा फरक नीट मांडला तर ती विश्वासार्ह वाटते. प्रत्येक भेगेला ‘धोकादायक’ म्हटले की बिल्डरचा इंजिनिअर पहिल्याच तारखेला ती खोडून काढतो.

सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण, म्हणजे कव्हर, हा महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरचा खरा प्रश्न. आयएस ४५६ किनारी हवामान ‘तीव्र’ गटात धरते. तिथे आरसीसीला किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीत सात-आठ वर्षांत स्लॅबच्या खालच्या बाजूने पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या की बऱ्याचदा तिथे कव्हर बोटभरसुद्धा नसते. दुसरा संशयित क्षार. आरसीसीच्या एका घनमीटरमध्ये क्लोराइडची मर्यादा ०.६ किलो आहे. खाडीची न धुतलेली वाळू किंवा बोअरचे खारे पाणी वापरले की ती ओलांडली जाते. गुरुग्राममध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका अठरा मजली टॉवरचा भाग कोसळून दोघींचा मृत्यू झाला, तेव्हा आयआयटी दिल्लीच्या तपासणीत बोट क्लोराइडकडेच गेले. दिल्लीच्या मुखर्जीनगरातली दिल्ली विकास प्राधिकरणाची (डीडीए) ३३६ फ्लॅटची वसाहत तर पंधरा वर्षांच्या आत राहण्यालायक उरली नाही. शासकीय संस्थेने बांधलेली होती ती.

काँक्रीटची ताकद तपासायच्या पद्धतींनाही वेगवेगळे वजन आहे. रिबाउंड हॅमर स्वस्त आणि झटपट, पण त्याच्या अंदाजात २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, असे मानकच सांगते. नुसता हॅमरचा अहवाल घेऊन गेलात तर बिल्डर त्याच २५ टक्क्यांवर बोट ठेवणार. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३ किलोमीटरच्या खाली गेला तर काँक्रीट संशयास्पद धरतात. सर्वांत पक्का पुरावा कोअरचा. काँक्रीटमधून नळीसारखा तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. सगळ्या कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. करारात एम २५ लिहिले असेल तर सरासरी २१.२५ आणि एकेक कोअर १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर हवा. याच्या खाली आकडा आला की चर्चा ‘दिसते कसे’ यावरून ‘बांधले कसे’ यावर येते.

अशा चाचण्या एका फ्लॅटच्या खिशाला परवडत नाहीत. गच्ची, बाहेरच्या भिंती, कॉलम, पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा या सामायिक भागांची तक्रार सोसायटीनेच करावी. रेराच्या कलम ३१ खाली वाटपग्राहींच्या संघटनेला तक्रार करता येते. सोसायटी अजून नोंदली गेली नसेल तर चार-पाच घरमालकांनी मिळून करावी.

बिल्डरच्या बाजूनेही एक सांगायला हवे. ताबा मिळताच बाथरूमच्या टाइल्स फोडून नव्या बसवल्या, त्यात खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर उखडला, तर खालच्या घरातल्या गळतीला बिल्डर कसा जबाबदार? एसीच्या पाइपसाठी बीममध्ये कोअर कटिंग करून घेतलेली घरे मी कितीतरी पाहिली आहेत. अशा घरमालकाची तक्रार खरी असली तरी दुबळी होते. घरात बदल करण्यापूर्वी जसे आहे तसे फोटो काढून ठेवणे हाच त्यावर उपाय.

महारेरा की ग्राहक आयोग

घर बांधून देणे ही ‘सेवा’ आहे आणि ती सदोष असेल तर ग्राहक न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले. रेरा आल्यावर बिल्डरांनी म्हटले, आता ग्राहक आयोगाचे दार बंद. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स निकालाने ते दार उघडेच ठेवले. दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. दिवाणी न्यायालयाला मात्र रेराच्या कक्षेतले वाद कलम ७९ ने बंद आहेत. करारात लवादाचे कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हेही २०१८ मध्ये पक्के झाले.

ग्राहक आयोगाची फी अगदी थोडी आहे. पण कुठल्या आयोगात जायचे ते ठरवण्याची रीत चमत्कारिक.

| घरासाठी दिलेला मोबदला | आयोग | फी (रुपये) |
|---|---|---|
| ५ लाखांपर्यंत | जिल्हा | नाही |
| ५ ते १० लाख | जिल्हा | २०० |
| १० ते २० लाख | जिल्हा | ४०० |
| २० ते ५० लाख | जिल्हा | १,००० |
| ५० लाख ते १ कोटी | राज्य | २,००० |
| १ ते २ कोटी | राज्य | २,५०० |
| २ ते ४ कोटी | राष्ट्रीय | ३,००० |

पहिला रकाना पुन्हा वाचा. भरपाई किती मागता याला इथे काही किंमत नाही, घरासाठी किती मोजले तेच पाहतात. १९८६ च्या जुन्या कायद्यात सेवेचे मूल्य आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज धरत. २०१९ च्या कायद्याने ती रीत बदलली आणि ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ५० लाख व २ कोटी या सीमा आखल्या. ही पद्धत घटनाबाह्य असल्याचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळले.

धरा, कल्याणला ४८ लाखांचा फ्लॅट आहे आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करायला ४ लाख लागणार आहेत. तक्रार जिल्हा आयोगात, फी १,००० रुपये. शेजारच्या विंगमधला फ्लॅट ५२ लाखांचा, गळती तीच, खर्चही तोच. तक्रार राज्य आयोगाकडे. पुण्यामुंबईत ५० लाखांखाली नवा फ्लॅट शोधावा लागतो, तेव्हा शहरातल्या बहुतेक घरांसाठी जिल्हा आयोग हा पर्यायच उरलेला नाही. दोन कोटींवरच्या घराची बाथरूम गळत असेल तर थेट राष्ट्रीय आयोग!

मुदतीचा फरक याहून मोठा. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जावे लागते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण तो त्याच्या मर्जीचा भाग. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताबा आणि जून २०२३ मध्ये पहिली ओल, अशा घराला रेराखाली दोष कळवायला नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ असतो. ग्राहक आयोगाची दोन वर्षे मात्र २०२५ मध्येच भरतात.

मग ग्राहक आयोगाकडे जायचेच कशाला? मानसिक त्रास, भाड्याने राहावे लागल्याचा खर्च, खराब झालेले फर्निचर असे सगळे एकाच तक्रारीत मागता येते म्हणून. महारेरात कामाची विभागणी आहे. ‘दुरुस्त करा’ असा आदेश प्राधिकरण देते, भरपाईची रक्कम ठरवतो तो न्यायनिर्णय अधिकारी. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक निकालात ठळक केली. प्राधिकरणाकडे एक नमुना, अधिकाऱ्याकडे दुसरा, फी प्रत्येकी ५,०००. प्रकल्प रेरात नोंदणी करण्याइतका मोठा नसेल तर ग्राहक आयोगच जवळचा. नोंदणी सक्तीची होते ती जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठांपेक्षा जास्त असतील तेव्हा.

माझे मत असे: ओल, प्लास्टर, टाइल्स, लिफ्ट, पाणी अशा दुरुस्त होऊ शकणाऱ्या दोषांसाठी महारेरा बरा. त्याआधी त्याच्या सलोखा मंचाकडे एक फेरी मारून पाहायला हरकत नाही. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसतात आणि प्रकल्प विकायचा बाकी असेल तर बिल्डर नरमतो. घर राहण्याजोगे उरलेच नसेल, खर्च लाखोंचा असेल, तर ग्राहक आयोग. तिथे वेळ लागतो. कायद्यात ३ महिने, चाचणी लागली तर ५ महिने असे लिहिले आहे. वकिलांना हा आकडा सांगून पाहा, ते हसतात.

ओसीच नसलेल्या इमारतींची गोष्ट वेगळी. तिथे दोन वर्षांची मुदत आडवी येत नाही. मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात ओसी नसल्याने रहिवाशांना २५ टक्के जास्त मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य म्हणून फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी सांगितले की ओसी न मिळवणे ही रोज घडत राहणारी चूक आहे, मुदतीचे घड्याळ रोज नव्याने सुरू होते. ठाणे, पालघर, वसई पट्ट्यात ओसीविना राहणाऱ्या सोसायट्यांना हा निकाल पाठ असायला हवा.

स्वतःच्या जागेवर बांधलेले घर

गावाकडे किंवा प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेणाऱ्याला रेराची ५ वर्षे नाहीत. ठेकेदार घर विकत नाही, बांधून देतो. इथे आधार ग्राहक कायद्याचा आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ चा. ग्राहक आयोगात २ वर्षे, दिवाणी दाव्याला करारभंगापासून ३ वर्षे.

अडचण अशी की इथे बहुधा करारच नसतो. चौरस फुटाचा दर वहीत लिहिलेला, पैसे टप्प्याटप्प्याने रोख दिलेले, सिमेंटची बिले ठेकेदाराच्या नावावर. आयोगात जाऊन काय दाखवणार? कराराची दोन पाने तरी असावीत. त्यात काँक्रीटची प्रत, सळ्यांचा दर्जा, वीट, टाइल्सचा दर हे लिहावे आणि शेवटचे ५ ते १० टक्के पैसे एक पावसाळा उलटेपर्यंत द्यायचे नाहीत असे ठरवावे. सरकारी कामांत ठेकेदाराचे पैसे असेच अडवून ठेवतात. खासगी घरमालकाला तसे मागायला संकोच वाटतो, कारण ठेकेदार गावातला, नात्यातला असतो. पण ते अडवलेले पाच टक्के कोणत्याही आयोगापेक्षा लवकर काम करून घेतात. स्लॅब भरल्यावर किमान ७ दिवस पाणी मारले का, मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवसांच्या आत काढले नाहीत ना, हे मालकाने स्वतः पाहावे. फोनमधले तारखेचे फोटो पुढे उपयोगी पडतात.

पुनर्विकासात जुन्या सभासदांना मिळणाऱ्या घरांचा आधार मुख्यतः विकसन करार. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी बिल्डरकडून घ्यायला सांगितले आहे. ती कधी परत करायची हे करारात दोषदायित्वाच्या मुदतीशी जोडून घ्यावे. ताबा मिळताच परत केलेली गॅरंटी गळणाऱ्या गच्चीच्या काय कामाची?

गोव्यातल्या फ्लॅटमालकांनाही कलम १४(३) जसेच्या तसे लागू आहे. तिथे प्राधिकरण गोव्याचे, नमुने आणि शुल्क गोव्याच्या नियमांनुसार.

आदेश हातात आला, पुढे?

बिल्डर अपिलात गेला तर काय होते, याचे गणित घरमालकाच्या बाजूचे आहे. महारेराच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येते, पण भरपाईचा आदेश असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह आधी अपील न्यायाधिकरणात भरावी लागते. नुसता दंड असेल तर किमान ३० टक्के. ही अट जाचक आहे म्हणून बिल्डर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत अपील, तिथे निम्मी रक्कम भरायची.

अपील नाही, पालनही नाही, अशी स्थिती मात्र सर्वांत जास्त आढळते. महारेराच्या आदेशाची रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायची असते. वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, तिथून तहसीलदाराकडे. बिल्डरची न विकलेली घरे, जमिनी शोधून जप्ती आणि लिलाव करायचा. तहसीलदाराकडे निवडणूक, पीकपाणी, दाखले असे शंभर उद्योग. वर सांगितलेल्या रुपयातले उरलेले ७२ पैसे तिथे अडकतात. बिल्डरच्या कोणत्या सर्व्हे नंबरवर काय विकायचे शिल्लक आहे ही यादी महारेराच्या संकेतस्थळावरून काढून तक्रारदारानेच तहसीलदाराला दिली तर वॉरंट हलायला मदत होते.

आदेश न पाळल्याबद्दल रेराच्या कलम ६३ खाली रोजचा दंड होऊ शकतो, प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. ४० कोटींच्या प्रकल्पाला २ कोटी. ही रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते, घरमालकाला मिळत नाही, पण दुरुस्ती करून घ्यायला हाच दट्ट्या कामाचा. अपील न्यायाधिकरणाचा आदेश मोडला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १० टक्क्यांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्राहक आयोगाचा आदेश मोडणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ग्राहक आयोगांच्या जुन्या आदेशांबद्दल एक चांगली बातमी आहे. मार्च २००३ ते जुलै २०२० या काळात कायद्यातल्या एका शब्दामुळे अंतिम आदेशांची अंमलबजावणी अडत होती. पुण्याच्या पाम ग्रोव्हज सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तो अडसर काढला.

फौजदारी तक्रारीबद्दल लोक आधी विचारतात. करारात एक आणि प्रत्यक्षात दुसरा माल, बनावट प्रमाणपत्रे अशी फसवणूक असेल तर भारतीय न्यायसंहितेचे कलम ३१८ आहे, मोफाखालीही गुन्हा होऊ शकतो. पण गुन्हा नोंदवून गळती थांबत नाही आणि निव्वळ गळतीवर पोलीस ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतात.

पैसे वसूल होण्याचे प्रमाण असे, तर दुरुस्तीच्या मागणीचे शब्द जपून निवडायला हवेत. ‘दोष दूर करावेत’ एवढेच लिहिले तर बिल्डर रंग मारून पूर्तता दाखल करतो. मागणीत दोषांची यादी असावी, प्रत्येकापुढे जागा आणि उपाय. गच्चीवरचा जुना कोबा काढून नवे वॉटरप्रूफिंग, त्यावर ठरावीक तास पाणी साठवून चाचणी. काम कोणत्या तारखेपर्यंत संपेल ते. महापालिकेकडे नोंदलेल्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रमाणपत्र दिल्यावरच पूर्तता मानावी हे. आणि शेवटी, मुदतीत काम न झाल्यास सोसायटीने ते स्वतः करून घ्यावे आणि अंदाजपत्रकातला खर्च बिल्डरकडून मिळावा, ही पर्यायी मागणी. त्या अंदाजपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत तक्रारीसोबतच जोडावी, म्हणजे भरपाई ठरवायची वेळ आली तर आकडा आधीच नोंदीवर असतो.